घरच्या कॅसेटमधली खरखर जपून काढा

गणपतीआधी माळा झाडताना कॅसेटचा डबा भंगारात घालायची घाई करू नका. विकतच्या गेल्या तरी बिघडत नाही, ती गाणी आता मोबाइलवर मिळतात. कव्हरवर पेनाने 'आरत्या' किंवा 'भजन, दुसरी रात्र' असं लिहिलेल्या मात्र बाजूला काढा. त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते, म्हणून त्या संगणकावर उतरवून ठेवायच्या.

आपल्या दमट हवेत पहिला शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती टेपमध्ये घालूच नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेपच्या फीत वाचणाऱ्या भागावर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर बंद डब्यात ठेवा. मग मास्क लावून, घराबाहेर बसून, मऊ कोरड्या कापडातून फीत हलकेच पुसत गुंडाळा. उन्हात वाळत घालू नका, फीत वाकडी होते. हे सगळं काम डिसेंबर-जानेवारीतलं. श्रावणात हात लावू नये.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटही आधी पेन्सिल घालून एकदा पूर्ण गुंडाळून सैल करा. 90 मिनिटांची फीत 60 वालीपेक्षा पातळ असते, टेप तीच जास्त खातो. तुटली तर सेलोटेप नको. त्याचा चिकटा पाझरून शेजारचे वेढे एकमेकांना धरतात. स्प्लायसिंग टेप, म्हणजे फीत जोडायची खास चिकटपट्टी मिळते, ती फितीच्या मागच्या बाजूला लावा.

आवाज दबका येतोय? बहुतेक वेळा फितीला हेडवर दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी गळलेली असते. पाच स्क्रूंच्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात रीळ घातलं की काम झालं. गादी शाबूत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा. तरीही दबकाच राहिला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू कणभर फिरवत झांज ऐका. ती सगळ्यात मोकळी सुटेल तिथे थांबा.

बुवांचा आवाज बारीक आणि घाईचा वाटला तर रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरलेले होते असं समजा. फीत तेव्हा हळू फिरली, म्हणून आता पळते. त्या वेळची पेटी घरात असेल तर तिच्या सुराशी ताडून संगणकावर वेग उतरवा. जुने सूर थोडे हललेले असतात, तरी कानाच्या अंदाजापेक्षा ती बरी.

कॅसेट संगणकावर उतरवताना मोबाइल स्पीकरसमोर धरू नका. टेपच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, संगणकाला वायर घ्या आणि रेकॉर्डिंगची सेटिंग ठेवा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह (WAV) फाइल. तासाला साधारण 1 जीबी लागतो. तेवढी जागा द्या.

आता माझं खरं भांडण. सॉफ्टवेअरचं खरखर काढणारं 'नॉइज रिडक्शन' पुरं ओढून आवाज चकचकीत करणाऱ्यांचं मला कळत नाही. आरती तर दरवर्षी होतेच! ऐकणाऱ्याचे डोळे भरतात ते मागे कौलांवर पडणाऱ्या पावसाने, खोकल्याने, 'गो, समई सांभाळ' अशा ओरडण्याने. सॉफ्टवेअरला तो पाऊस आणि फितीची सळसळ सारखीच दिसते, दोन्ही एकत्र जातात. साफ करायचीच तर प्रतीवर करा. मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्या. कव्हरचाही फोटो काढा, अक्षर कुणाचं ते त्यावरून ओळखता येतं.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून ती फाइल लावा. कोणत्या मिनिटाला कोण बोललं ते विचारून लिहा, आणि त्यांचं ते सांगणंही दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. चाकरमानी सुट्टीला आलेले असतानाच हे उरका, कारण अर्धे आवाज त्यांनाच ओळखू येतात. एक प्रत गावात, एक मुंबईत ठेवा.