मुरमाड माळ मेलेला नसतो: ‘दोन फूट गाळ टाका’ या संदेशाचा प्रतिवाद

‘मुरमाड जमिनीचे सोने करा’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्याचे म्हणणे असे की, मुरमाड माळ ही मृत जमीन असून तिच्यात कस नसतो. तिच्यावर पडलेला पाऊस वाया जातो. म्हणून माळ जेसीबीने फोडावा, वर दोन फूट गाळ टाकावा आणि ऊस घ्यावा. उरलेल्या जागेत दाट झाडे लावली की पाऊसही वाढतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या माझ्या मामांनी हे वाचून जेसीबीचा भावसुद्धा ठरवला, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

कसाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. माळावरचा मुरूम आणि नदीकाठची काळी जमीन ही एकाच काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची लेकरे आहेत. उतारावर झिजलेली बारीक माती पावसाबरोबर सखल भागात जाऊन साचली आणि वर वीतभर माती व अर्धवट झिजलेला खडक उरला. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह तेथेही आहे. नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी असतो, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

मुरूम पाणी धरून ठेवत नाही, हेही खरे आहे. पण त्यावरून पाऊस वाया जातो असे ठरत नाही. ते पाणी चटकन खाली मुरते, आणि दख्खनच्या पठारावर विहिरींना पाझर मिळतो तो मुख्यतः अशाच झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकातून. चिकण काळी माती एकदा भिजून फुगली की तिच्यात पाणी फार सावकाश शिरते. त्यामुळे वरच्या माळावर तिचा जाड थर चढवणाऱ्याने खालच्या विहिरींच्या पाझराचाही विचार करावा.

आता गाळाचा हिशेब, जो संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट; त्यावर दोन फूट थर म्हणजे 87,120 घनफूट, अर्थात सुमारे 871 ब्रास गाळ (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). तीन ब्रासच्या डंपरने एका एकराला 290 खेपा होतात, आणि मामांचा माळ चार एकर आहे. इतके करून तो गाळ उतारावर टाकायचा, जिथून मूळची माती वाहून गेली तिथेच! बांधबंदिस्ती नसेल तर पहिल्या वळवातच तो ओढ्याला लागेल. शिवाय उसाला हंगामात साधारण 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते आणि या पट्ट्यात पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास. उरलेले पाणी कोणत्या बोअरमधून काढायचे, हे संदेशात नाही. बांध घातलेल्या सपाट, हलक्या जमिनीत तलावातल्या गाळाचा पातळ थर उपयोगी पडतो, हे मी नाकारत नाही; पण दोन फूट गाळ आणि ऊस हा निव्वळ कर्जाचा रस्ता आहे.

मृदाशास्त्रात जमिनीचे उपयोगक्षमतेनुसार आठ वर्ग करतात. पहिले चार नांगरटीचे, पुढचे चार चराई, वने आणि वन्यजीवांसाठी. उथळ, उताराचा, खडकाळ माळ बहुधा सहाव्या किंवा सातव्या वर्गात येतो. तो निकामी ठरत नाही, फक्त त्याचे काम वेगळे आहे. पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते येथेच वाढतात, त्यांच्यावर धनगरांच्या मेंढ्या जगतात, आणि त्याच मेंढ्या पुढे रानात बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते.

झाडांनी पाऊस वाढण्याबद्दल फार लिहीत नाही. येथला पाऊस कमी आहे तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे. दाट लागवडीने उन्हावर जगणारे गवत मात्र मरते आणि त्याबरोबर उघड्या माळावर राहणारे जीवही हटतात. कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यातले काळवीट गवताळ माळाचेच प्राणी आहेत.

मामांना सांगितले आहे ते एवढेच: बांधाखालच्या खोल पट्ट्यात सीताफळ किंवा डाळिंब लावा, निचरा होणारी जमीन त्यांना मानवते, वरच्या माळावर पावसाळ्यात चराई बंद ठेवा, बी पडू द्या आणि मग गवत कापा.