खुलासा : ‘बारा वर्षांचं मूल स्वतः ठरवतं’ हे खरं नाही

परदेशातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय : ‘मूल बारा वर्षांचं झालं की आईकडे राहायचं की बाबांकडे, हे हेग करारानुसार तेच ठरवतं. कोर्टाला ते मानावंच लागतं.’

एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाला परदेशात नेलं, तर त्याला आधीच्या देशात परत पाठवण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे 1980 चा हेग करार. मी त्याचं कलम 13 वाचलं. त्यात बारा हा आकडा कुठेच नाही. मूल परत जायला हरकत घेत असेल आणि त्याचं मत विचारात घेण्याइतकं त्याचं वय आणि समज असेल, तर न्यायालय त्याला परत पाठवायला नकार देऊ शकतं. ‘देऊ शकतं’, द्यावाच लागतो असं नाही. शिवाय ही हरकत आधीच्या देशात परतण्याबद्दलची असते. ताबा कोणाकडे, हा प्रश्न तिथे सुटतच नाही. सोळा पूर्ण झाल्यावर तर करार लागूच होत नाही.

आपल्याकडचं आणखी वेगळं. भारत या करारात सामीलच नाही. इथे मुलाचं हित सर्वांत वर धरतात. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 17 सांगतं की मूल समजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. वय तिथेही लिहिलेलं नाही.

मला काळजी वाटते ती मुलांची. या मेसेजवर विसंबून कोणी लेकराला ‘न्यायाधीशांसमोर असंच बोल’ म्हणून पढवलं, तर निकालाचं सगळं ओझं त्याच्या डोक्यावर येतं. मुलाचं ऐकून घेणं हा त्याचा हक्क आहे, निवाडा करणं हे त्याचं काम नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.