होडीचा तोल

मालवणच्या जेटीवर घामाघूम होऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढलो आणि कडेची जागा पटकावली. तेवढ्यात होडीवाल्याची नजर माझ्यावर पडली.

"ओ काकानू, तुमी मधी बसा. होडी कलंडतली."

अख्खी होडी वळून बघायला लागली. पूर्वी रिकाम्या गलबतांच्या तळाशी तोलासाठी धोंडे भरत. ते धोंडे तिकीट काढून चढत नसत, एवढाच फरक.

समोर कोल्हापूरच्या एक मावशी, मांडीवर चिवड्याचा डबा.

"बसा की दादा. लाजताय काय? आमच्या ह्यांचं पण पन्हाळ्यावर असंच झालं. घोडेवाल्यानं आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग घोड्याकडं बघितलं आन् म्हणाला, घोडं आजारी हाय."

'हे' शेजारीच होते. ते समुद्राकडे बघू लागले.

"तुमचं किती? नव्वद?"

"चौऱ्याऐंशी."

"काटा कुठला?" असं विचारून त्यांनी डबा पुढे केला. "खावा. आता काय फरक पडतोय!"

विषय बदलायला मी इतिहासात शिरलो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, १७६५मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं 'फोर्ट ऑगस्टस' असं बारसं केलं, वर्षभरात तो कोल्हापूरकरांना परत मिळाला...

"म्हंजे आमचाच की!"

१८१२ला मालवण इंग्रजांकडेच गेलं, हे ऐकायला मावशी थांबल्या नाहीत. किल्ल्याच्या मालकीणबाई झाल्या होत्या.

लाइफ जॅकेटचं बक्कल माझ्या पोटावर काही केल्या लागेना. होडीवाला म्हणाला, "नुसता गळ्यात असू दे." म्हणजे तोल सांभाळताना माझं वजन जमेस धरायचं आणि बुडताना विसरायचं! वर तासाभरात परत यायची तंबी. ४८ एकरांचा किल्ला, भर उन्हात, एका तासात? दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघेपर्यंत अर्धा वेळ गेला. महाराजांच्या हाता-पायाच्या ठशांपाशी ही रांग. शेवटी धापा टाकत वेळेत पोचलो. वेळेत पोचणाऱ्याला या देशात कोणी विचारत नाही.

मावशी चांगल्या पाऊण तासाने आल्या, हातात कोकम सरबताच्या बाटल्या. थेट कडेला बसल्या. वजनाला माझ्याहून तसूभरही कमी नव्हत्या.

मी होडीवाल्याकडे पाहिलं.

"बसा मावशी, सावकाश," तो म्हणाला.

तिकिटाचे पैसे दोघांनी सारखेच मोजले होते.