दोन मानकरी आणि एक केबल

गुहागरच्या आमच्या घरात, माजघरातल्या फळीवर जुना कॉम्प्युटर आहे. आषाढात भिंतींना येते ती ओल त्याच्याही पोटात शिरते, असा बाबांचा संशय. तेव्हा त्यातले 120 जीबी फोटो माझ्या लॅपटॉपवर आणायचं फर्मान निघालं. घरातला पेनड्राइव्ह 8 जीबीचा, म्हणजे पंधरा-सोळा फेऱ्या. एवढ्या प्रदक्षिणा मी व्याडेश्वरालाही घातलेल्या नाहीत.

म्हणून दोन्ही टोकांना सारखंच चपटं तोंड असलेली यूएसबी केबल आणली. एक तोंड इकडे खुपसलं, एक तिकडे. टुंग नाही की टांग नाही.

"मामा, काढ आधी!" भाचा ओरडला. "दोन्हीकडून 5 व्होल्ट येतायत. पोर्ट जळेल!"

मग कळलं ते असं. यूएसबीत यजमान एकच. हुकूम त्याचा, माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह यांनी विचारल्यावरच बोलायचं. आणि माझ्याकडचे दोघंही यजमान! शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारात, यावरून आमच्या भावकीत होतं तेच झालं. दोघेही मानकरी, दोघेही नारळ घेऊन उभे, आणि पालखी सहाणेवरून हलत नाही.

यावर तोडगा म्हणजे मध्ये चिप असलेली केबल. ती चिपळुणात मिळाली. दिवडाने बेडूक गिळावा तसा मधोमध फुगवटा. तो दोन्ही बाजूंना बजावतो, 'यजमान तुम्हीच, मी आपला चाकर.' भावकीत असा एक काका असतोच, दोन्ही घरी चहा पिणारा.

खोक्यावर वेग होता सेकंदाला 480 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून त्याला आठाने भागायचं असतं, हे खोकं सांगत नाही. झाले 60 मेगाबाइट, त्यातले पदरात पडले वीस-बावीस. म्हणजे दीड तास. स्क्रीनवरची वेळ सांगणारी पट्टी मात्र आधी म्हणाली 4 मिनिटं, मग 3 तास, मग 9 मिनिटं. मासळीबाजारात गिऱ्हाईक बघून भाव सांगावा तसं.

खरोखरीची 11 मिनिटं उरली असताना लाईट गेली. जुना कॉम्प्युटर गप्प. बॅटरीवरचा लॅपटॉप तेवढा अंधारात उजळून बसलेला, एकटा मानकरी.

"पेनड्राइव्हच्या फेऱ्या घातल्या असत्यास," आई चिमणी लावत म्हणाली, "तर एव्हाना गरम पिठी-भात जेवून झोपला असतास."