शेंडी शाबूत पाहिजे

पावसात धावायला मजा येते, हे पुण्यात बोलायला ठीक आहे. पुण्यात वर्षभराचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला निम्मा आपण खिडकीतून बघतो. मालवणकडे तो तीन हजारांच्या घरात जातो आणि खिडकीतून आतही येतो. नारळी पौर्णिमेला मी तिकडे सासुरवाडीला होतो आणि वाडीतल्या पोरांनी शर्यत ठेवली होती. देवळापासून निघायचं, पाखाडी उतरायची, माडांच्या बागेतून बंदर गाठायचं. जेमतेम तीन किलोमीटर. 'भावजी पुण्यात मॅरेथॉन धावतात,' ही बातमी मेव्हण्याने माझ्या आधीच वाडीत पोचवली होती. मी धावतो दहा किलोमीटर, पण सासुरवाडीत असले खुलासे कुठला जावई करतो?

बरं, नुसतं धावायचं नव्हतं. हातात नारळ घेऊन धावायचं होतं. सोललेला, पण शेंडीसकट. शर्यत संपली की तोच नारळ समुद्राला अर्पण करायचा, त्यामुळे नियम कडक. नारळ फुटला तर बाद. शेंडी गेली तरी बाद, कारण बिनशेंडीचा नारळ देवाला चालत नाही, मग समुद्राला कसा चालेल? पिशवीत घालायचा नाही, कमरेला बांधायचा नाही, आणि शेंडीला धरून तर मुळीच न्यायचा नाही. नियम सांगणाऱ्या पोराने शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून दोनदा म्हटलं.

आता नारळ ही वस्तू धरायची तर तिला एकच दांडी, ती म्हणजे शेंडी. ती वर्ज्य केली की उरतो एक ओला, गोल, अर्धा-पाऊण किलोचा हट्ट. तळहातावर ठेवला तर घरंगळतो. छातीशी धरला तर हात हलत नाहीत, आणि हात हलले नाहीत की पायही विचारात पडतात. काखेत मारला तर माणूस एका बाजूला कलतो आणि त्याच बाजूच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जाऊन आदळतो. माझ्या पुढचा शाळकरी मुलगा नारळ डोक्यावर धरून निघाला होता. त्याची पद्धत मला पटली, पण जावयाने डोक्यावर नारळ घेऊन गावातून धावणं बायकोला पटलं नसतं.

मनगटावर माझं धावायचं घड्याळ होतं. त्याच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ते त्याला बोट समजतं. पहिल्या वळणावर त्याने धावणं थांबवल्याची नोंद केली, दुसऱ्या वळणावर ते गाणी शोधायला लागलं, आणि नंतर मी पोहतोय अशी त्याची खात्री झाली. हे शेवटचं अगदीच चूक म्हणता येणार नाही.

आणि मग पाखाडी आली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उतरती वाट, दोन्ही बाजूंना गडगे, वर फणसाची सावली. उन्हाळ्यात फोटो काढायला सुरेख. जांभा भोकाभोकांचा दगड, त्यात पाणी मुरतं आणि श्रावणापर्यंत त्यावर शेवाळाचा असा हिरवा थर चढतो की बघणाऱ्याला गालिचा वाटावा. माझ्या बुटांच्या खोक्यावर 'उत्तम पकड' असं छापलेलं होतं. छापणाऱ्याने पाखाडी पाहिलेली नसावी. वाडीतले सगळे अनवाणी होते. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, याचं जगाला फार कौतुक आहे. मालवणच्या वाडीत हे सांगितलं असतं तर 'मग पावसात चपला कोण घालतो?' असं विचारलं असतं.

पडवीत बसलेल्या आज्या मात्र शर्यतीचा खरा आनंद घेत होत्या. "जावयबापू, बेगीन चला, पावस वाढतलो!" एकीने हाक दिली. दुसरी जास्त व्यवहारी होती. "नारळ फुटलो तर टाकू नकात, वाटपाक होतलो!" वाटप म्हणजे रश्शासाठी वाटलेला नारळाचा मसाला.

तेवढ्यात माझा उजवा पाय शेवाळावर गेला. अशा वेळी हाताला जे मिळेल ते माणूस घट्ट धरतो. मी शेंडी धरली. मी वाचलो, शेंडीही माझ्या मुठीत वाचली, फक्त त्या दोघांना सोडून नारळ एकेक पायरी टणाटण उतरत माझ्या आधी तळाला पोचला. फुटला नाही, हे विशेष.

बंदरावर भर पावसात माझा खटला चालला. "ह्या नारळाची शेंडी खंय?" मी मूठ उघडून दाखवली. एकाने रबर लावून शेंडी परत बसवायचा तोडगा सुचवला. मेव्हण्याला तो मान्य होता, मलाही होता. पण होडीच्या टोकाशी बसलेले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "समुद्राक फसवूचा नाय." संपलं! सरकारी मासेमारीबंदी 31 जुलैला उठली तरी ज्यांची होडी नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात जात नाही, त्यांच्यापुढे रबराचा युक्तिवाद काय टिकणार?

बाद नारळ नारळ लढवायला गेले. एकाने नारळ हातात धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा, ज्याचा फुटेल तो हरला. अख्खी पाखाडी पचवलेला माझा नारळ तिथे पहिल्याच ठोक्याला फुटला आणि संध्याकाळी खरोखरच वाटपात गेला. आजीचा शब्द खाली पडला नाही.

शर्यत जिंकली त्या डोक्यावर नारळ धरणाऱ्या पोराने. बक्षीस काय, तर गोणीभर नारळ. ज्याच्या परसात उभे माड आहेत त्याला नारळांची गोणी! पोराने गोणीकडे पाहिलं, घरच्या चढाकडे पाहिलं, आणि 'पुण्याच्या पाहुण्यांचो मान' म्हणून ती मला देऊन टाकली. टाळ्या पडल्या. नाही म्हणायची सोयच उरली नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टरने गोणीला पाय लावून विचारलं, "काय आहे?"

"नारळ. शर्यतीच्या बक्षिसाचे."

"पहिला नंबर?"

मी मान हलवली. कशी हलवली ते त्याने ठरवावं. त्याने माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे आदराने पाहिलं, हात पुढे करून अभिनंदन केलं आणि लगेजचं पूर्ण तिकीट काढलं.