हायब्रिडचे इंजिन ‘तेच जुने’ नाही

हायब्रिड म्हणजे नेहमीच्या पेट्रोल गाडीला जोडलेली बॅटरी, बचत सगळी त्या बॅटरीची, आणि शंभर वर्षांच्या जुन्या इंजिनात सुधारण्यासारखे आता काही उरलेले नाही, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

इंजिन नेहमीचे नसते. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्रियसपासूनच टोयोटाने हायब्रिडसाठी ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन वापरले. त्यात पिस्टन वर येऊ लागल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी झडप) काही काळ उघडा राहतो व थोडे मिश्रण मागे ढकलले जाते. त्यामुळे दाबले जाणारे मिश्रण कमी असले, तरी जळलेल्या वायूला प्रसरणासाठी पूर्ण अंतर मिळते आणि एरवी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग पिस्टनच्या कामी येतो. मात्र कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिन हळू फिरताना, टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो. ही उणीव विजेची मोटर भरून काढते, म्हणूनच असे इंजिन हायब्रिडमध्ये शोभते. २०२२ साली आलेल्या मारुती सुझुकीच्या ग्रँड विटारामध्ये स्ट्राँग हायब्रिडचे (ज्यात मोटर एकटीही गाडी चालवू शकते) दीड लिटरचे इंजिन सुमारे ९२ पीएस (अश्वशक्तीसारखे ताकदीचे एकक) ताकदीचे होते, तर माइल्ड हायब्रिडचे (ज्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) दीड लिटरचेच इंजिन सुमारे १०३ पीएसचे. ताकद जाणूनबुजून सोडली आहे, ती मायलेजसाठी.

बचत फक्त बॅटरीची, हे तर मुळातच चूक आहे. चार्जिंगचा प्लग नसलेल्या हायब्रिडला बाहेरून वीज मिळत नाही. ब्रेक लावताना परत मिळालेली ऊर्जासुद्धा आधी पेट्रोलमधूनच आलेली असते. मग त्या पेट्रोलचे इंजिन किती काम करून देते, हा प्रश्न गौण कसा ठरेल?

सुधारणा संपल्या, असे म्हणणाऱ्यांनी कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे पाहावेत: २०१५ च्या प्रियसची कमाल औष्णिक कार्यक्षमता (इंधनातल्या ऊर्जेपैकी कामात उतरणारा वाटा) ४० टक्के, २०२४ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने सांगितलेली ४६.०६ टक्के. हे सर्वांत अनुकूल स्थितीतले आकडे आहेत, रोजच्या रस्त्यावरचे नव्हेत, हे मान्य केलेच पाहिजे.

आणि खरे काम अजून बाकी आहे. हायब्रिडचे इंजिन वारंवार बंद होते, तेवढ्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) थंडावू शकतो, आणि पुरेसा तापेपर्यंत तो विषारी वायू नीट रोखत नाही. शहरातल्या हवेसाठी ही अडचण इंजिनाच्या अभियंत्यांनाच सोडवावी लागेल. बॅटरी मोठी केल्याने ती आपोआप सुटत नाही.