श्रमदानाचे तास कुणी लिहून ठेवले का?

गेले चार दिवस आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालूय, ओढ्याच्या कामासाठी एका कंपनीच्या सीएसआर निधीला, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या पैशाला, अर्ज करायचा की नाही. एकाने लिहिलं, "बाहेरचा पैसा आला की गावकी मोडते, हिवरेबाजारला कुणी अनुदान दिलं होतं?" त्यावर धडाधड अंगठे पडले. इथे रात्री साडेअकराला ते वाचलं आणि माझी झोपच उडाली.

अरे बाबांनो, हिवरेबाजारला अनुदान मिळालं होतं! 1994 साली ते गाव सरकारच्या आदर्श गाव योजनेत आलं, चर-बांधांना पैसा तिथूनही आला. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार ह्यांचं मोठेपण ह्यात आहे की पैसा आल्यावरही गाव फुटू दिलं नाही, श्रमदान चालू राहिलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली गेली, शेतीला बोअर मारायचा नाही म्हणजे नाही.

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात राहतो. लँडकेअरचा, म्हणजे गावकऱ्यांनी गट करून जमीन-पाणी राखायच्या चळवळीचा, जन्मच इथला, 1986 चा. 1989 ला शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना आणि पर्यावरणवाल्यांची संघटना, एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे लोक, मिळून पंतप्रधान बॉब हॉक यांच्याकडे गेले आणि देशभरासाठी पैसा मंजूर करून घेतला. अनुदान घेतल्याने इथली गावकी मोडली नाही, उलट लोक एकत्र आले ते त्या निमित्तानेच.

इथल्या आमच्या लँडकेअर ग्रुपची जुलैत वर्किंग बी, म्हणजे श्रमदानाचा दिवस, असते. सकाळी आठला खाडीकाठी पोचलं की पहिलं काम म्हणजे यूटच्या (इथल्या पिकअप गाडीच्या) बॉनेटवर ठेवलेल्या कागदावर नाव लिहायचं, आल्याची वेळ, जाताना गेल्याची वेळ. पेन दोरीने बांधलेलं, थंडीत चालत नाही, मग तोंडाची वाफ देऊन चालवायचं. पहिल्यांदा मला वाटलं ही हजेरी कशाला, आपण काय मजूर आहोत? मग कळलं की ते तास ठरलेल्या दराने पैशात मोजतात आणि अर्जात ग्रुपचा वाटा म्हणून दाखवतात. घाम हीच लोकवर्गणी, पण कागदावर आलेली.

आणि आपल्याकडे? वॉटर कप ह्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या 45 दिवसांत आमच्या खटावच्या माळावर बायाबापड्या पहाटेपासून टिकाव-घमेली घेऊन राबल्या, माझी चुलती सत्तरीची, तिच्या तळहाताला आलेले फोड मी व्हिडिओ कॉलवर बघितलेत. ते तास कुठे लिहिलेत? कुठेच नाही. म्हणून कंपनीचा माणूस आला की तो देणारा आणि गाव मागणारं. वही असती तर सरपंचांनी टेबलावर टाकून सांगितलं असतं, आमचा वाटा आधीच भरलाय, आता तुमचा भरा.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, पर्यावरण त्यात येतं, तो पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाहीये. वाद घालायचाच तर कशासाठी मागायचा ह्यावर घाला. रोपं, खड्डे आणि फलक ह्याला सगळे पैसे देतात, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालायला कोण देतं? 2019 ला राज्याने 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातलं आमच्या शाळेमागे जे लागलं ते मी पुढच्या सुट्टीत बघायला गेलो तर आळी तेवढी शिल्लक. इथेही तीन वर्षांचा निधी संपला की कुंपणं पडतात, तण माजतं, पण निदान देखभालीचा रकाना अर्जात असतो.

हे गावच्या ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "दादा, तिकडे बसून सांगायला काय जातं?" लागलं मला ते, कारण खरं सांगायचं तर मी पैसेही देऊ शकलो नाही.

गेल्या वर्षी गावातल्या मंडळाला गाळ काढायला रक्कम पाठवायला निघालो होतो. मी इथलं नागरिकत्व घेतलंय, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, आणि परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याने माझे पैसे म्हणजे परकीय योगदान. मंडळाकडे असा पैसा घ्यायची नोंदणी नाही, ती घ्यायची तर दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच खातं काढावं लागतं, एका ओढ्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? बायकोचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तिने स्वतःच्या बचतीतून पाठवले असते तर ते देशी धरले असते. तिने माझ्यासोबत चारदाच बघितलेला तो ओढा, मी ज्यात पोहायला शिकलो. नागरिकत्वाच्या समारंभात रोपटं हातात घेऊन फोटो काढला तेव्हा हे डोक्यातही नव्हतं. त्या दिवशी बँकेचा फॉर्म बंद केला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

काल इथला तो हजेरीचा कागद मराठीत करून ग्रुपवर टाकला. नाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, चारच रकाने. चुलतभावाने तेवढं लिहिलं, "बघतो, सरपंचांना दाखवतो."